दाराच्या दोन बाजू

९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी रात्री ‘ऑक्सफर्ड युनियन’ या वादविवाद संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी एक ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर केला. कोणत्याही परिस्थितीत हे सभागृह राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही, असा तो ठराव. बर्लिनमध्ये हिटलर चॅन्सेलर होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. ठराव मांडला केनेल्म डिग्बी नावाच्या विद्यार्थ्याने. त्याच्या बाजूने बोलायला पाहुणे म्हणून आले होते तत्त्वज्ञ सी. ई. एम. जोड. विरोधात क्विंटिन हॉग होते, जे पुढे हुजूर पक्षाचे मोठे नेते आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले. मतं मोजली गेली, निकाल वाचला गेला आणि मुलं आपापल्या कॉलेजात झोपायला गेली.

पुढच्या काही दिवसांत इंग्लंड पेटलं. वर्तमानपत्रांनी या पोरांना देशद्रोही, भेकड, कम्युनिस्टांच्या नादी लागलेली असं सगळं म्हणून घेतलं. चर्चिल यांनी जाहीर भाषणात ठरावाची लाज काढली. युनियनच्या पत्त्यावर २७५ पांढरी पिसं भरलेला खोका आला. इंग्लंडात पांढरं पीस म्हणजे भित्रेपणाचा शिक्का. बाजूने मत देणाऱ्या प्रत्येकाला एकेक. पुढच्या बैठकीत काही दांडगट आत घुसले आणि त्यांनी इतिवृत्ताच्या वहीतून त्या ठरावाची नोंद फाडून नेली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून चर्चिल यांचे चिरंजीव रँडॉल्फ हे २ मार्चला स्वतः सभागृहात आले आणि ठराव अधिकृत नोंदींतूनही काढून टाकावा असा नवा ठराव त्यांनी मांडला. तो ७५० विरुद्ध १३८ मतांनी पडला.

या दुसऱ्या आकड्यांकडे फारसं कुणी बघत नाही. मला ते जास्त बोलके वाटतात. मूळ ठरावाच्या बाजूने २७५ जण होते आणि तो पुसू नये म्हणणारे झाले ७५०. इतकी माणसं तीन आठवड्यांत शांततावादी झाली असतील, हे संभवत नाही. आमच्या वहीत काय राहील ते लंडनच्या संपादकांनी आणि एखाद्या पुढाऱ्याच्या मुलाने ठरवायचं नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. सहा वर्षांनी युद्ध आलं तेव्हा यांच्यातलेच कितीतरी जण गणवेश चढवून गेले. आणि त्या ठरावाची पन्नाशी भरली तेव्हा, १९८३ च्या फेब्रुवारीत, युनियनने तोच विषय राजाच्या जागी राणी घालून पुन्हा घेतला आणि या वेळी तो मोठ्या फरकाने पाडला.

ऑक्सफर्ड युनियनविषयीच्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी हा प्रसंग सगळ्यात आधी घेतला, कारण त्यात या संस्थेचा सगळा पेच आहे. आत बसलेल्यांसाठी तो एक खेळ होता. बाहेरच्या जगाने तो खरा मानला. उलटही अनेकदा घडलं: एखादा माणूस बाहेरून आला, खेळाच्या नियमांत राहूनच खेळ मानायला नकार देऊन बोलला, आणि ती रात्र लोकांच्या लक्षात राहिली. युनियनच्या दोनशे वर्षांत ज्या रात्री आठवण्यासारख्या आहेत त्या बहुतेक या दोनपैकी एका जातीच्या आहेत. बाकीचे शेकडो गुरुवार चुरचुरीत बोलून, हशा वसूल करून संपले. त्याबद्दल पुस्तक लिहायची गरज नव्हती.

आता थोडं संस्थेविषयी. ‘युनियन’ म्हटल्यावर आपल्याकडे विद्यार्थी संघटना, मोर्चे, फीवाढविरोधी घोषणा डोळ्यांपुढे येतात. ही ती नव्हे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न हाताळणारी संघटना वेगळी आहे. ही आहे वादविवाद संस्था. एका अर्थाने खासगी क्लब. वर्गणी भरून सभासद व्हायचं, आणि वर्गणी काही शे पौंडांत जाते. विद्यापीठाचा तिच्यावर कायदेशीर ताबा नाही. तिची स्थापना १८२३ ची, आणि ‘ऑक्सफर्ड युनियन सोसायटी’ या नावाने पुन्हा उभी राहिली ती १८२५ मध्ये. केंब्रिजची युनियन तिच्याहून थोरली, १८१५ ची. पण तिला १८१७ मध्ये कुलगुरूंनी टाळंच ठोकलं होतं, आणि ते उघडायला १८२१ उजाडलं. फ्रेंच राज्यक्रांतीची धास्ती अजून उतरली नव्हती. वीस वर्षांची पोरं राजकारणावर बोलायला लागली तर काय होईल, या प्रश्नाने त्या काळी भल्याभल्यांची झोप उडत असे.

काय होईल याचं एक उत्तर लवकरच मिळालं. १८३० मध्ये विल्यम ग्लॅडस्टन युनियनचा अध्यक्ष झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात, मताधिकार वाढवणाऱ्या रिफॉर्म बिलाविरुद्ध त्याने युनियनमध्ये असं काही भाषण केलं, की ते ऐकणाऱ्या एका उमराव मित्राने ते आपल्या वडिलांच्या कानावर घातलं. वडील म्हणजे न्यूकासलचे ड्यूक. त्यांच्या खिशात नेवार्कची जागा होती. १८३२ च्या अखेरीस ग्लॅडस्टन खासदार झाला. गंमत अशी, की मताधिकार वाढवू नये या भाषणावर ज्याची कारकीर्द सुरू झाली, त्यानेच १८८४ मध्ये पंतप्रधान म्हणून लाखो ग्रामीण मजुरांना मत दिलं. युनियनमधलं भाषण म्हणजे वक्त्याचं मत, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

इमारतीबद्दल लिहायचं तर एक स्वतंत्र पुस्तक होईल, म्हणून थोडक्यात. कॉर्नमार्केट रस्त्याच्या मागे, फ्रूइन कोर्टात ही वास्तू आहे. जुनं सभागृह १८५७ चं, बेंजामिन वुडवर्ड या वास्तुकाराचं. त्याच्या वरच्या भिंती रंगवायला दान्ते गॅब्रिएल रॉसेटी आपल्या मित्रांना घेऊन आला. त्यांत विल्यम मॉरिस होता, एडवर्ड बर्न-जोन्स होता. विषय आर्थर राजाच्या कथा. उत्साह दांडगा, पण भित्तिचित्रांचं तंत्र कुणालाच येत नव्हतं. ओल्या, नुसता पांढरा हात दिलेल्या विटांवर त्यांनी थेट रंग चढवले आणि चित्रं बघता बघता फिकी पडायला लागली. खिडक्या अशा, की प्रकाश नेमका डोळ्यांत येतो आणि चित्र दिसत नाही. याच मुक्कामात रॉसेटीला जेन बर्डन भेटली, तिला त्याने चित्रासाठी बसवलं आणि दोन वर्षांत तिने लग्न केलं मॉरिसशी. पुढची गुंतागुंत इंग्रजी कलेच्या इतिहासात यथास्थित नोंदलेली आहे. छत मॉरिसने १८७५ मध्ये पुन्हा रंगवलं. पुढे आल्फ्रेड वॉटरहाउसने मोठं सभागृह बांधलं आणि या जुन्या दालनात ग्रंथालय आलं.

मोठ्या सभागृहातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे दार. वादविवाद संपला की इथे हात वर करायचे नसतात, चिठ्ठ्याही टाकायच्या नसतात. उठायचं आणि बाहेर पडायचं. दाराची उजवी बाजू होकाराची, डावी नकाराची. मोजणारे दाराशीच उभे असतात. म्हणजे मत देणं ही पायांनी करायची गोष्ट आहे. शेजारी बसलेला मित्र उजवीकडून जातोय आणि आपण डावीकडून, हे दोघांनाही दिसतं. ठराव मांडणाऱ्याच्या विनोदावर पोट धरून हसलेला माणूस दाराशी आल्यावर शांतपणे नकाराच्या बाजूने निघून जातो, असंही होतं. हसवणं आणि पटवणं यांतला फरक वक्त्याला त्या दाराशी कळतो.

बाकीचा सरंजाम ब्रिटिश संसदेच्या वळणाचा. दोन बाजूंना समोरासमोर बाकं, मध्ये टेबल, वर अध्यक्षाची उंच खुर्ची. अध्यक्ष आणि पदाधिकारी पांढरा टाय आणि काळा लांब कोट अशा पोशाखात, जणू साल अजून १८९० च आहे. ऑक्सफर्डचं वर्ष मायकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी अशा आठ-आठ आठवड्यांच्या तीन सत्रांचं, आणि अध्यक्ष दर सत्राला नवा. म्हणजे वर्षाला तीन अध्यक्ष, तीन निवडणुका, आणि त्यांमागची कारस्थानं बारमाही. उमेदवाराने उघड प्रचार करू नये असा तिथला जुना दंडक होता. आता प्रचारालाच बंदी म्हटल्यावर सगळा प्रचार कुजबुजीत, चहाच्या टेबलावर, देवघेवीच्या वायद्यांवर चालणार हे ओघाने आलंच. जिल्हा परिषदेच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही.

वादविवाद स्पर्धा आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतून अनेकांनी केल्या आहेत. ‘अध्यक्ष महाशय, परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो’ म्हणून सुरुवात करायची, घरी पाठ केलेलं भाषण म्हणायचं, पहिली घंटा झाली की सूर चढवायचा, दुसरी झाली की एखाद्या ओळीवर टाळी घेऊन खाली उतरायचं. मग परीक्षक गुण देणार आणि फिरता करंडक कुणाच्या तरी कॉलेजात जाणार. या पद्धतीने महाराष्ट्राला उत्तम वक्ते दिले, हे मी नाकारत नाही. पण तिच्यात मध्येच कुणी उठून प्रश्न विचारत नाही. युनियनमध्ये विचारतात. वक्ता बोलत असताना समोरचा उठून उभा राहतो. त्याला वाव द्यायचा की खाली बसवायचं हे वक्त्याने ठरवायचं. सारखा खाली बसवत राहिला तर सभागृह समजतं की याच्याकडे उत्तर नाही. इथे पाठांतर कोलमडतं. आज जगभरच्या विद्यापीठांत जी स्पर्धात्मक पार्लमेंटरी डिबेट चालते, तिच्यात दोन-दोन जणांचे चार संघ, प्रत्येकाला सात मिनिटं, विषय कळल्यावर तयारीला फक्त पंधरा मिनिटं, असा बेत असतो. त्यातही ही मध्येच अडवण्याची मुभा ठेवलेली आहे. या स्पर्धांची जागतिक अजिंक्यपद फेरी १९८१ मध्ये ग्लासगोत सुरू झाली आणि २०१४ मध्ये ती चेन्नईत भरली होती. मुंबई-पुण्याची मुलं या वर्तुळात चांगली रुळली आहेत. मात्र ते वर्तुळ जवळजवळ संपूर्ण इंग्रजी आहे.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडायची ती वितंडा. युनियनमधला गुरुवार हा उघडउघड जल्प असतो. बाजू कधी पटलेली असते, कधी वाट्याला आलेली. मला यात गैर काही दिसत नाही. न पटणारी बाजू जीव तोडून मांडून पाहिल्याखेरीज माणसाला ती कळत नाही. घोटाळा होतो तो जल्पात जिंकलेल्याला राज्य चालवायला दिलं की.

आणि ब्रिटनने ते वारंवार दिलं. ग्लॅडस्टननंतर अ‍ॅस्क्विथ, एडवर्ड हीथ, बोरिस जॉन्सन हे तीन पंतप्रधान युनियनचे अध्यक्ष होते. मायकल फूट, टोनी बेन, मायकल हेझल्टाइन, विल्यम हेग ही नावं वेगळी. जॉन्सन पहिल्या प्रयत्नात हरले आणि १९८६ मध्ये निवडून आले. दोन वर्षांनी मायकल गोव्ह अध्यक्ष झाले. सायमन कूपर या पत्रकाराने २०२२ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून असं मांडलं, की ब्रेक्झिटची मुळं ऐंशीच्या दशकातल्या या सभागृहात आहेत: तपशिलाची पर्वा न करता, एखादं चटकदार वाक्य फेकून बाजी मारायची सवय तिथेच लागली. मला हे अर्धं पटतं. सवय लागली असेल, पण सवयीला भुलणारे मतदार काही युनियनचे सभासद नव्हते. शिवाय हीथ याच खुर्चीतून गेले आणि त्यांच्या भाषणाला चटकदार म्हणायची हिंमत त्यांच्या मित्रांनाही झाली नसती. जून १९७५ मध्ये युरोपीय समुदायात राहावं की नाही यावर युनियनमध्ये जो वाद झाला आणि बीबीसीने दाखवला, त्यात हीथ राहण्याच्या बाजूने बोलले. तोही याच सभागृहाचा वारसा.

दक्षिण आशियातून तिथे गेलेल्यांची गोष्ट वेगळी आहे आणि या पुस्तकात तिला मी मुद्दाम जास्त जागा दिली. युनियनचा पहिला भारतीय अध्यक्ष मुंबईचा: दोसाभाई फ्रामजी कराका, लिंकन कॉलेजचा पारशी विद्यार्थी. साल १९३४. ज्या देशाचं राज्य गोलमेज परिषदांतून मागावं लागत होतं, त्या देशाच्या तरुणाला राज्यकर्त्यांच्या मुलांनी आपल्या खुर्चीवर बसवलं. कराका मुंबईला परतले, पत्रकार झाले, महायुद्धाच्या बातम्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’साठी पाठवल्या आणि १९४९ मध्ये ‘करंट’ हे साप्ताहिक काढलं. नेहरू त्यांच्या टीकेचं कायमचं लक्ष्य. त्यांची धारदार, अनेकदा बेफाम भाषा वाचताना समोर बाकं आहेत आणि कुणीतरी उठून अडवणार आहे, अशा तयारीने हा माणूस लिहितो असं मला नेहमी वाटत आलं आहे. ‘करंट’मध्ये अडवायला कुणी नव्हतं, आणि ते जाणवतं.

दुसरं नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं. माथेरानला जन्मलेला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर मॉडलिन कॉलेजात गेलेला एक तरुण १९६२-६३ मध्ये अध्यक्ष झाला: गिरीश कार्नाड. इंग्रजीत कवी व्हायचं स्वप्न घेऊन निघालेल्या या मुलाने निघता निघता ‘ययाति’ हे नाटक लिहिलं ते कन्नडमध्ये, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. १९६४ मध्ये ‘तुघलक’ आलं. बोलण्यावर हुकमत असलेला, प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असलेला आणि आपल्याच युक्तिवादात अडकत जाणारा सुलतान. युनियनने कार्नाडांना तुघलक दिला असं म्हणणं आचरटपणाचं होईल. पण दोन्ही बाजू तितक्याच ताकदीने मांडता येणं ही नाटककाराचीही गरज असते, एवढं नक्की.

श्रीलंकेचे सॉलोमन बंदरनायके १९२० च्या दशकात युनियनचे सचिव होते, अध्यक्षपद हुकलं. श्रीलंकेचेच ललित अतुलतमुदली १९५८ मध्ये अध्यक्ष, लक्ष्मण कदिरगामर पुढच्याच वर्षी. बेनझीर भुट्टो १९७७ मध्ये. १९६३ पर्यंत स्त्रियांना या संस्थेत पूर्ण सभासदत्वच नव्हतं, ते मिळून चौदा वर्षं होतात न होतात तोच पाकिस्तानातून आलेली मुलगी खुर्चीवर बसली. आता या चौघांची अखेर पाहा. बंदरनायके पंतप्रधान असताना १९५९ मध्ये गोळ्या लागून गेले. अतुलतमुदलींना १९९३ मध्ये निवडणुकीच्या सभेत मारलं. परराष्ट्रमंत्री कदिरगामर २००५ मध्ये राहत्या घराच्या आवारात बंदुकीला बळी पडले. बेनझीर २००७ मध्ये रावळपिंडीत. मतभेद असला की दाराच्या दुसऱ्या बाजूने निघून जायचं, हे शिकून आलेली ही माणसं होती. यांच्यावरचं प्रकरण लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बाहेरून येऊन खेळ मोडणाऱ्यांतला पहिला मान अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते मॅल्कम एक्स यांचा. ३ डिसेंबर १९६४. अध्यक्ष होता एरिक एब्रहॅम्स, जमेकाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी जहालपणा हा दुर्गुण नाही, असं म्हणणारा ठराव होता, आणि मूळ वाक्य होतं अमेरिकेतल्या कडव्या उजव्या बॅरी गोल्डवॉटर यांचं. मॅल्कम यांनी ते त्यांच्याकडून हिसकावून घेतलं. आपल्यावर गोळी झाडणारा जहाल नाही आणि प्रतिकार करणारा जहाल, ही व्याख्या कुणी ठरवली, हा त्यांचा मुद्दा होता. विनोद केले, हशाही मिळवला, पण त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की हा माणूस बाजू मांडत नाहीये, आपलं आयुष्य सांगतोय. ठराव हरला. ८० दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली.

१९८५ मध्ये न्यूझीलंडचे पंतप्रधान डेव्हिड लांगी अमेरिकन धर्मप्रचारक जेरी फॉलवेल यांच्यासमोर उभे राहिले. अण्वस्त्रांचं नैतिक समर्थन होऊ शकत नाही, ही त्यांची बाजू. न्यूझीलंडने नुकतीच अमेरिकन युद्धनौकेला बंदरात यायला मनाई केली होती, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे सरकारी निर्णयाचं वजन होतं. एका तरुणाने मध्येच अडवलं तेव्हा त्याच्या श्वासाला युरेनियमचा वास येतोय, असं म्हणून त्यांनी सगळ्या सभागृहाला हसवून सोडलं. ठराव जिंकला.

आणि मग २८ मे २०१५. ब्रिटन आपल्या पूर्वीच्या वसाहतींना भरपाई देणं लागतो, या ठरावाच्या बाजूने शशी थरूर सुमारे पंधरा मिनिटं बोलले. ठराव १८५ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाला. जुलैमध्ये त्याची चित्रफीत आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून ती आपल्याकडे घराघरांत पोहोचली. विरोधी पक्षातल्या या खासदाराचं पंतप्रधान मोदींनीही जाहीर कौतुक केलं. त्यातूनच पुढच्या वर्षी त्यांचं वसाहतवादावरचं पुस्तक आलं. त्यांनी सांगितलेलं फारसं काही नवं नव्हतं. संपत्तीच्या निचऱ्याची मांडणी दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकातच केली होती आणि तीही आकडेवारीनिशी. पण त्याच इमारतीत, त्याच पोशाखातल्या मुलांसमोर, त्यांच्याच खेळाच्या नियमांत राहून ते ऐकवणं ही वेगळी गोष्ट ठरली. भारतातल्या अनेकांनी ती चित्रफीत क्रिकेटच्या विजयासारखी साजरी केली. तिथल्याच विद्यार्थ्यांनी भरघोस मतं देऊन ठराव मंजूर केला, हा त्यातला भाग मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो.

संस्थेचे दोष झाकायचा माझा विचार नाही. ती महाग आहे. तिच्या राजकारणात कोत्या वृत्तीचा भरपूर गाळ आहे. २००७ मध्ये अतिउजव्या पक्षाचे निक ग्रिफिन आणि ज्यूंच्या नरसंहाराचं सत्य नाकारणारे डेव्हिड अर्व्हिंग यांना बोलावून अभिव्यक्तिस्वातंत्र्याची झूल पांघरली गेली. बाहेर निदर्शनं झाली, काही निदर्शक आत शिरले. नियमित वादविवादात समोरचं बाक बळकट असेल तरच अशा माणसाला बोलावण्यात अर्थ आहे. नुसतं व्यासपीठ देणं म्हणजे जाहिरात. २०१९ मध्ये एका दृष्टिहीन आफ्रिकी विद्यार्थ्याला सभागृहातून ओढून बाहेर काढलं गेलं आणि अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. हा प्रसंग एका पूर्ण प्रकरणात आला आहे.

वाचकांना एक गोष्ट खटकेल म्हणून आधीच सांगून ठेवतो. युनियनच्या कोणत्याही माहितीपत्रकात प्रथम दिसतात ती नामवंत पाहुण्यांची नावं: निक्सन १९७८ मध्ये आले होते, मायकल जॅक्सन २००१ मध्ये. त्यांची भाषणं या पुस्तकात नाहीत. पाहुणा येतो, लिहून आणलेलं वाचतो, चार प्रश्नांना उत्तरं देतो आणि टाळ्या घेऊन जातो. त्याला बोलण्याच्या ओघात कुणी अडवत नाही आणि शेवटी दाराशी कुणी मोजायला उभं नसतं. म्हणून मी फक्त ठराव झालेल्या, मतं पडलेल्या रात्री घेतल्या आहेत, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, जिथे खात्रीलायक मिळाले तिथे, दोन्ही बाजूंचे आकडे दिले आहेत. प्रकरणं कालक्रमाने आहेत. पण घाई असेल त्याने सरळ १९३३ पासून सुरुवात करावी आणि ग्लॅडस्टनकडे नंतर सवडीने वळावं.